कोपाकबानाला निदान दोन रात्री तरी राहा

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहिलं होतं की टिटिकाका सरोवर बघायचं तर बोलिव्हियाच्या काठावरच्या कोपाकबाना गावात मुक्काम करा, बसमधून उतरून फोटो काढून पुढे पळू नका. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्याच गावाला देतेय. मी आणि नवरा जून २०१८ मध्ये तिथे पाच रात्री होतो, तेव्हा वहीत बरंच टिपून ठेवलं होतं, ती वही शेजारी घेऊनच बसलेय.

प्रश्न : ताई, आमची मुलगी नोकरीनिमित्त चिलीत सँटियागोला असते. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय आणि तिने आम्हाला टिटिकाका दाखवायचं ठरवलंय. सँटियागोहून विमानाने ला पाझ आणि त्याच दिवशी बसने कोपाकबाना असा बेत आहे. माझं वय ५९, ह्यांचं ६४, ह्यांना बीपीची गोळी चालू आहे. झेपेल का आम्हाला?
– निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, गाव झेपेल, हा बेत झेपणार नाही. मुलीला आधी ते तिकीट बदलायला सांगा. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला आहे, ४,०६१ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईवर अजून एक कळसूबाई ठेवलं तरी साडेसातशेच्या वर मीटर उरतात, आणि तुम्ही तिथे समुद्राच्या जवळपासच्या उंचीवरून काही तासांत जाऊन उतरणार. सरोवर ३,८१२ मीटरवर आहे. लेहला जाऊन आलेल्यांना विचारा, ते साडेतीन हजार आहे, तरी पहिले दोन दिवस हॉटेलात पडून काढावे लागतात. इथे त्याच्याही वर, आणि हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त कमी.

आम्ही नेमकी हीच चूक केली होती म्हणून इतकं कळकळीने सांगतेय. विमानाने थेट ला पाझला उतरलो, संध्याकाळी बरं वाटत होतं, जेवलोसुद्धा, आणि रात्री डोकं असं ठणकायला लागलं की उशी टोचत होती. त्यापेक्षा भीती वाटली ती नवऱ्याची, तो झोपेत श्वास घ्यायचा थांबायचा, मी मोजायची, सात, आठ, नऊ, आणि मग एकदम मोठा श्वास घेऊन दचकून उठायचा. उंचीवर बऱ्याच जणांचं असं होतं आणि बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत सरतं, हे आम्हाला सकाळी डॉक्टरने सांगितलं. पण ती रात्र मी जागून काढली.

तुमच्यासाठी रस्ता असा. सँटियागोहून लिमामार्गे पेरूतल्या आरेकिपाला विमानाने जा. ते २,३३५ मीटरवर आहे, सुंदर गाव, पांढऱ्या दगडाचं, तिथे तीन रात्री काढा आणि जिने सावकाश चढा. मग बसने पुनो, वाटेत रस्ता चार हजारांच्या वर चढतो पण तिथे थांबायचं नसतं. पुनोला एक रात्र झोपा, दुसऱ्या दिवशी तीन-चार तासांत कोपाकबाना. मध्ये कासानीची बॉर्डर लागते, तिथे बसमधून उतरून पेरूचा शिक्का घ्यायचा, पायी कमानीखालून पलीकडे जायचं आणि बोलिव्हियाचा शिक्का घ्यायचा, बस पलीकडे उभी असते. घड्याळ एक तास पुढे करायला विसरू नका, परतीची बस यातच चुकते. ला पाझ सगळ्यात शेवटी ठेवा, तोवर अंगाला उंचीची सवय झालेली असते, मग तिथूनच विमान पकडा.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते ह्यांच्या बीपीच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. आणि एक गोष्ट सगळ्यांनीच नीट लक्षात ठेवा. हिमालयात त्रास झाला की खाली उतरा म्हणतात, पण इथे उतरायला जवळपास खाली काही नाहीच! हे सगळं एक भलंमोठं पठार आहे, शेकडो किलोमीटर असंच उंच. म्हणून बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला वाढत चालला, चालताना झोक जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर रात्रीची वाट बघू नका, दिवसाउजेडी ला पाझचं मोठं इस्पितळ गाठा, आधी ऑक्सिजन लावून घ्या. कोपाकबानाहून ला पाझ चार तास आहे आणि मध्ये सरोवराचं पाणी तराफ्याने ओलांडावं लागतं, रात्री त्या तराफ्यांचा भरवसा नाही.

आता लशीचं. बोलिव्हिया आणि पेरू हे दोन्ही देश यलो फिव्हरच्या यादीत आहेत, तिथून भारतात परत येणाऱ्याकडे लशीचं सर्टिफिकेट नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. साठीच्या पुढच्यांना ही लस द्यायची का ते डॉक्टर तपासून ठरवतात, तेव्हा ह्यांच्यासाठी आत्ताच विचारून ठेवा. आणि चिलीत उतरताना बॅगेतला सगळा खाऊ, मसाले, धान्य फॉर्मवर लिहा, तिथे फार कडक आहेत, लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड.

प्रश्न : तिथे चर्चसमोर नव्या गाड्यांची पूजा होते असं ऐकलं, खरं का? आपल्या दसऱ्यासारखीच?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : खरं आहे रे, आणि तू गेलास तर सकाळी नाश्ता करून सरळ बॅसिलिकासमोर जाऊन उभा राहा. ला पाझहून, अगदी पेरूतूनही लोक गाडी घेऊन खास त्यासाठी येतात. आमच्यासमोर एक पांढरी मिनीबस होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. बॉनेटभर ग्लॅडिओलाच्या माळा, वायपरला रिबिनी, छतावर कागदाची मोठी टोपी. ड्रायव्हरची आई असावी, घेरदार परकर, दोन वेण्या आणि डोक्यावर गोल हॅट, ती बाटलीतलं मद्य घेऊन आधी जमिनीवर शिंपडत होती, ते पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, आणि मग चारी टायरांवर, एक एक करून, घाई नाही. आपण टायरखाली लिंबू ठेवतो ना, तो क्षण डोळ्यापुढे आण. मग फादर आले, हातात प्लास्टिकची बादली, बॉनेट उघडायला लावलं, इंजिनवर तीर्थ शिंपडलं, स्टीअरिंगवर शिंपडलं, मग कुटुंबातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर. ते गेल्यावर बिअरच्या बाटल्या हलवून गाडीवर फवारे, रंगीत कागदाचे तुकडे आणि शेवटी फटाक्यांची माळ. याला तिथे चाल्या म्हणतात. चर्चचा विधी आणि धरणीचा विधी एकाच गाडीभोवती, एकाच सकाळी, आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

फोटो काढायचा तर आधी त्या कुटुंबाला विचार. आम्ही विचारलं तर त्यांनी आमच्याही डोक्यावर कागदाचे तुकडे टाकले.

आतली देवी बघितल्याशिवाय परत येऊ नको. तिची गोष्ट मला फार आवडते. तिथल्या जुन्या इंका राजघराण्यातला फ्रान्सिस्को तितो युपांकी नावाचा एक माणूस, मूर्तिकार नव्हे, त्याला वाटलं आपल्या गावाला मारिया आईची मूर्ती आपण करावी. पहिली मातीची केली, ती लोकांनी कुरूप म्हणून बाजूला काढली. मग तो पोतोसीला जाऊन काम शिकला, पुन्हा केली, आणि ती मूर्ती २ फेब्रुवारी १५८३ ला गावात बसली. सावळा चेहरा, म्हणून लोक लाडाने मोरेनिता म्हणतात. मूळ मूर्ती देवळाबाहेर काढत नाहीत, काढली तर सरोवर खवळेल अशी श्रद्धा आहे, मिरवणुकीला प्रत नेतात.

बॅसिलिकेच्या बाजूला मेणबत्त्यांची एक अंधारी खोली आहे, तिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. लोक वितळलेलं मेण बोटाने भिंतीवर चिकटवून चित्रं काढतात. कुणी घर काढलंय, दोन खिडक्यांचं, कुणी ट्रक, कुणी एक बाई आणि तिच्या कडेवर मूल. वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत आपण मेणाचं घर, मेणाचं बाळ वाहतो ना, अगदी तेच मागणं, फक्त इथे विकत मिळत नाही, आपल्या बोटांनी काढायचं. गावामागे कालवारिओची टेकडी आहे, ३,९६६ मीटर, तिथे माथ्यावर छोट्या छोट्या वस्तू विकायला असतात, इवलंसं घर, इवलासा ट्रक, खोट्या नोटांची गड्डी, जे हवंय ते छोटं घ्यायचं म्हणजे मोठं मिळतं. गुड फ्रायडेला लोक ला पाझहून चालत इथे येतात, दीडशे किलोमीटर. वारी माहीत असलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला लागणार नाही.

प्रश्न : मी माळकरी आहे, अंडंही चालत नाही. मुलगा म्हणतो तिकडे मांसाशिवाय काही मिळत नाही. एकादशीचं तर काय करायचं?
– एक वारकरी, देहू

उत्तर : माउली, एकादशीची चिंता सगळ्यात शेवटी करा, कारण तुम्ही उपवासाच्या पदार्थांच्या माहेरीच चाललाय. बटाटा याच भागातला, टिटिकाकाच्या आसपासच्या डोंगरांत माणसाने हजारो वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा लावला. शेंगदाणा बोलिव्हियाच्या दक्षिणेकडचा. मिरचीही अमेरिकेच्या भूमीतली. साबुदाणा आपल्याकडे ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकासुद्धा दक्षिण अमेरिकेतलाच. म्हणजे खिचडीतलं जिरं आणि तूप सोडलं तर सगळं तिकडून पोर्तुगीजांच्या आणि बाकीच्यांच्या जहाजांतून आलेलं, बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच. कोपाकबानाच्या बाजारात बायका बटाट्याचे ढीग घेऊन बसतात, जांभळे, काळपट, पिवळे, वेडेवाकडे, मी मोजायला गेले आणि अकरा प्रकारांवर थांबले. उकडून मिठासोबत खा, मीठ तुमच्या डोळ्यांसमोर टाकायला सांगा.

तिथलं चुन्यो मात्र बघाच. जूनमध्ये रात्री पाणी गोठतं तेव्हा छोटे बटाटे उघड्यावर पसरून ठेवतात, सकाळी वितळले की पायाने तुडवून पाणी काढतात, दिवसा उन्हात वाळवतात, असं काही दिवस. शेवटी खडीसारखा काळा, हलका बटाटा उरतो, तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या आया उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचा कीस वाळवायच्या, तसं हे, पण ऊन आणि गोठण दोन्ही वापरून. सरोवरातल्या सूर्यबेटावर एका घरापुढे गवतावर हे पसरलेलं होतं आणि एक आजी अनवाणी तुडवत होत्या, पाय अगदी लाल झालेले.

इतर दिवशी किनवा असतो, आपल्या वरईसारखा मऊ शिजतो. पण सूप मागवताना सांभाळा, किनवाच्या सुपातही बहुतेक वेळा मांसाचा तुकडा असतो, आणि तो काढून टाकला तरी पाणी त्याचंच. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर चिकन आणून ठेवतात म्हणून हे वाक्य चिठ्ठीवर लिहून न्या आणि दाखवा: नो कोमो कार्ने, नी पोल्यो, नी पेस्कादो, नी वेवो. मांस, कोंबडी, मासे, अंडं काहीच खात नाही, असा अर्थ. सकाळी आपी घ्या, जांभळ्या मक्याचं गरम, दाट पेय, थंडीत जीव येतो. आणि टोमॅटो-मिरचीची याहुआ नावाची चटणी मिळते, लोकोतो नावाची जाड सालीची, काळ्या बियांची मिरची दगडावर वाटून, ठेचा खाणाऱ्याला घरच्यासारखं वाटेल.

सोबत पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. डाळ-तांदूळ नेऊ नका, कारण त्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजतच नाही, आम्ही दीड तास गॅसपाशी उभे राहून हे शिकलो. चहाही कोमटच लागतो. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, तिथे तो कायदेशीर आहे आणि लोक रोज पितात, पण एकही पान, एकही टी-बॅग भारतात आणू नका, आपल्याकडे कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. त्यापेक्षा मुन्या मागा, पुदिन्यासारखी वासाची डोंगरी वनस्पती, तिचा चहा पोटालाही बरा.

प्रश्न : आणि आम्ही मासे खाणाऱ्यांनी?
– वेंगुर्ल्याची वाचक

उत्तर : काठावर ओळीने टपऱ्या आहेत, सगळीकडे ट्राउट मिळतो, तळलेला, लिंबू पिळलेला, छान असतो. पण तो तिथला नाही, १९४० च्या आसपास उत्तर अमेरिकेतून आणून सोडलेला, आणि त्याने तिथल्या मूळ माशांना फार मागे रेटलं. म्हणून मी म्हणेन इस्पी मिळाला तर तो खा. बोटाएवढा मासा, अख्खा कुरकुरीत तळतात, मांदेलीसारखा काट्यासकट.

प्रश्न : सूर्यबेट सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे का? की राहावं?
– पर्यटन व्यवसायातला वाचक, ठाणे

उत्तर : राहावं. इंकांची समजूत अशी की सूर्य या बेटावर जन्मला, आणि त्यांचा पहिला राजा मान्को कापाकही इथूनच निघाला. कोपाकबानाहून बोट साधारण दीड तास घेते, युमानीच्या धक्क्यावर उतरलं की समोर इंकांच्या काळातल्या दगडी पायऱ्या, दोनशेच्या आसपास, बाजूने झऱ्याचं पाणी वाहतं. बेटावर एकही मोटार नाही, सामान गाढवांवरून जातं, गाढव घ्या, लाज वाटू देऊ नका, आधीच श्वास पुरत नाही. दिवसभराच्या टूरवाल्यांना तिथे जेमतेम दोन-तीन तास मिळतात, ते पायऱ्या चढून धापा टाकत जेवतात आणि उतरतात. चारच्या सुमाराला शेवटची बोट गेली की बेट एकदम गप्प होतं. पूर्वेला पाण्यापलीकडे बर्फाची रांग, त्यात इल्याम्पू, ६,३६८ मीटर, सूर्य बुडाल्यावर तो बर्फ गुलाबी होतो आणि मग निळा, आम्ही घोंगडी पांघरून बघत बसलो होतो, बोललो नाही.

आम्ही गेलो तेव्हा बेटाच्या उत्तर भागात पर्यटकांना बंदी होती, दोन गावांतला वाद २०१७ मध्ये पेटला होता. तुमच्या ग्राहकांना पाठवताना उत्तरेकडे पायी जाता येईल का ते त्या आठवड्यात कोपाकबानातच विचारून मग ठरवा.

प्रश्न : बोलिव्हियाला समुद्रकिनारा नाही, तरी टिटिकाकावर नौदल आहे असं वाचलं. हे कसं?
– नौदलातून निवृत्त, उरण

उत्तर : साहेब, किनारा होता. १८७९ मध्ये चिलीशी युद्ध सुरू झालं त्यात तो गेला, १९०४ च्या तहाने त्यावर शिक्का बसला. पण देशाने समुद्र सोडला नाही, दरवर्षी २३ मार्चला समुद्र दिन पाळतात, आणि नौदल या सरोवरावर आणि नद्यांवर ठेवलंय. आम्ही गेलो तेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात याच समुद्रावरून चिलीविरुद्ध केस चालू होती, आमच्या लॉजच्या मालकीणबाई तीन वेळा त्यावर बोलल्या, डोळ्यांत पाणी होतं. १ ऑक्टोबर २०१८ ला निकाल बोलिव्हियाच्या विरोधात गेला तेव्हा मला पहिल्यांदा त्याच आठवल्या. (कराडच्या बाई, तुमची मुलगी चिलीत आहे हे सांगायला हरकत नाही, पण समुद्राच्या विषयावर फक्त ऐका.)

तुम्हाला नौदलाचा तळ दिसेल तिकिनाला. कोपाकबानाहून ला पाझच्या रस्त्यावर सरोवर तिथे चिंचोळं होतं, सातआठशे मीटर, पूल नाही. प्रवाशांनी उतरून छोट्या लाँचने जायचं आणि बस एकटी लाकडी तराफ्यावर चढते. तो तराफा जवळून बघा तुम्ही, फळ्यांमधून पाणी दिसतं, बाजूला एक लहानसं इंजिन, आणि एक माणूस लांब बांबूने काठापासून लोटतो. सामानाने भरलेली बस त्यावर डुलत जाते, आपली बॅग त्या बसच्या पोटात. पासपोर्ट आणि औषधं अंगावरच ठेवा.

प्रश्न : हॉटेल शोधताना सारखं ब्राझीलचं समुद्रकिनाऱ्यावरचं कोपाकबाना येतंय. गाव एकच का?
– पुण्याची वाचक

उत्तर : नाही, आणि बुक करताना नीट बघा. पण नातं आहे. रिओच्या त्या किनाऱ्यावर पूर्वी या बोलिव्हियाच्या देवीची प्रत ठेवलेलं छोटं चर्च होतं, त्यावरून किनाऱ्याला नाव पडलं. मूळ गाव हेच.

प्रश्न : आमच्याकडे दोनच रात्री आहेत. काय करू, काय सोडू?
– बँक कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पहिल्या दिवशी टेकडी सोडा, काठावर बसा, पाणी प्या, लवकर झोपा. रात्री शून्याखाली जातं आणि साध्या लॉजमध्ये हीटर नसतो, जास्तीचं ब्लँकेट झोपायच्या आधीच मागून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यांची पूजा, मेणबत्त्यांची खोली, बाजार, आणि अंगात बळ असेल तर चारनंतर कालवारिओ, येशूच्या क्रुसाच्या वाटेच्या दर स्टेशनला, म्हणजे टप्प्याला, थांबत, तशी चौदा आहेत. ऊन थंड वाटतं पण चटका फार बसतो, नाकाला आणि कानांना सनस्क्रीन लावा. बेट या वेळी सोडा. आणि ला पाझच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा, बोलिव्हियात रस्ते अडवून आंदोलनं होतात आणि त्यात काहीच करता येत नाही. पैसे बोलिव्हियानोमध्ये आणि सुट्टे ठेवा, डॉलर नेलेत तर कोऱ्या नोटा न्या, कोपरा फाटलेली नोट कुणी घेत नाही.